उत्सर्जन-तीव्रता : भारताच्या लक्ष्याचा अर्थ आणि मर्यादा

हरितगृह वायूंबाबत भारताने स्वीकारलेले २०३० चे लक्ष्य एकूण उत्सर्जनाचे नसून उत्सर्जन-तीव्रतेचे आहे, ही बाब चर्चेत बहुधा निसटते. स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे होणारे उत्सर्जन म्हणजे ही तीव्रता होय. २००५ हे आधारवर्ष धरून २०१५ मध्ये ३३ ते ३५ टक्के व २०२२ मध्ये ४५ टक्के घट जाहीर झाली. पैकी ३६ टक्के घट २०२० पर्यंतच साधल्याचे शासनाने संयुक्त राष्ट्रांना कळविले आहे. तथापि उत्पादन तिप्पट होऊन तीव्रता ४५ टक्क्यांनी घटली, तर एकूण उत्सर्जन १.६५ पट होते; लक्ष्य गाठूनही उत्सर्जन वाढलेलेच असते. (स्थापित विद्युतक्षमता आणि प्रत्यक्ष वीजनिर्मिती यांतही असाच घोळ होतो.) दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी असल्याने विकासाला वाव देणारी ही मोजपट्टी गैर म्हणता येणार नाही. मात्र २०२१ मध्ये ग्लासगो येथे घोषित केलेल्या २०७० च्या निव्वळ शून्यासाठी ती अपुरी ठरते. तेथे एकूण उत्सर्जनच मोजावे लागते, आणि ते कोणत्या वर्षापासून उतरणीला लागेल हे त्या घोषणेत नव्हते.