कंडक्टरकाकांची कंबर

मुलांनो, डबल डेकर बसमध्ये बसलाय का कधी? मुंबईच्या रस्त्यांवरून वर्षानुवर्षं धावलेल्या जुन्या, डिझेलवरच्या दुमजली बसगाड्यांनी २०२३ साली निरोप घेतला. त्याच वर्षी विजेवर चालणाऱ्या नव्या आल्या. पण आपली आजची गोष्ट आहे लंडनच्या लाल डबल डेकरची, आणि तीसुद्धा १९४९-५० च्या सुमाराची.

त्या काळी इंग्लंडमध्ये हृदयविकाराने दगावणाऱ्यांची संख्या भराभर वाढत होती. चांगली धडधाकट दिसणारी, पन्नाशीतली माणसं छातीत कळ येऊन अचानक जात. का, ते कुणालाच नीट सांगता येईना. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांच्या मनात आलं, वेगवेगळी कामं करणाऱ्या माणसांची तुलना करून पाहू या. आणि त्यांची नजर गेली बसवर.

आता विचार करा हं. एकच बस, त्यात काम करणारी दोन माणसं. राहणीमान साधारण सारखं. पण ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर मात्र खाली-वर, खाली-वर! तिकिटं देता देता तो दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढायचा. मॉरिस यांनी ३५ ते ६४ वर्षं वयाच्या हजारो बस कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांचे निष्कर्ष १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. ड्रायव्हरपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. झालाच तर उशिरा, आणि सहसा कमी तीव्रतेचा! मग पोस्ट खात्यातही तेच दिसलं. पायी किंवा सायकलवरून पत्रं वाटणारे पोस्टमन टेबलावर बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुखरूप होते.

खरी गंमत पुढे आहे. लोक म्हणाले, “ड्रायव्हर मुळातच जाडे असतील!” हे तपासायचं कसं? मॉरिस यांनी काय केलं, तर गणवेशाच्या मापांची नोंद मागवली! पँटच्या कमरेचा घेर कागदावर होताच की. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या. पण त्याने सगळा उलगडा होईना, कारण बारीक असो, मध्यम असो की ढेरपोट्या, प्रत्येक गटात कंडक्टरच जास्त सुरक्षित होता. म्हणजे कंबर महत्त्वाची, आणि पायऱ्या त्याहून वेगळ्या महत्त्वाच्या.

कंबर का महत्त्वाची? आपलं हृदय मूठभर आकाराचं. मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे ७० ठोके देतं, म्हणजे दिवसाला एक लाख! दर मिनिटाला ते साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलतं. अंगावर चरबी वाढली की तिलाही रक्त पुरवावं लागतं. पंप तोच, काम मात्र जास्त. शिवाय पोटाच्या आत साठलेली चरबी गप्प बसत नाही. तिच्यामुळे रक्तदाब चढतो, रक्तातली साखर आणि चरबी बिघडते. मग खुद्द हृदयालाच रक्त देणाऱ्या बारीक रोहिण्यांच्या आत थर साचू लागतो. त्याची सुरुवात लहानपणीच होऊ शकते, म्हणून तर हा लेख तुमच्यासाठी.

“आमचे बाबा तर सडपातळ आहेत!” असं म्हणून सुटका नाही बरं का. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्याकडच्या पुष्कळ माणसांत हात-पाय काटक आणि चरबी मात्र आत दडलेली असते. वजनकाट्याला ती दिसत नाही.

त्यासाठी एक सोपी परीक्षा. सुतळी घ्या, आपल्या उंचीएवढी कापा आणि तिची मधोमध घडी घाला. आता ती घडी घातलेली सुतळी बेंबीच्या जरा वर, पोट आत न ओढता (फसवायचं नाही!) कमरेभोवती गुंडाळा. टोकं जुळली तर छान.

नाही जुळली तर? उपाशी राहायचं नाही! तुमची उंची वाढते आहे, हाडं भरताहेत. तुमच्या वयात वजन उतरवण्यापेक्षा ते आहे तेवढंच राखून उंची वाढू देणं बहुतेक वेळा पुरतं. ते डॉक्टर वाढीचा तक्ता पाहून सांगतील. भाकरी-पोळी, उसळ, भाजी, ताक, पोटभर खा. मात्र रंगीत थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते, हे विसरू नका. आणि वर्गातल्या कुणाला ‘जाड्या’ म्हणून चिडवलंत, तर तो बिचारा मैदानावर यायचाच बंद होईल. त्याला लगोरीत घ्या. रोज तासभर दमवणारा खेळ तुम्हा सगळ्यांनाच हवा.

आईबाबांनो, क्लासच्या वेळापत्रकात हा तास कापू नका, एवढीच विनंती.

मॉरिस स्वतः २००९ साली गेले, तेव्हा ९९ वर्षांचे होते. तर आज रात्री सुतळी काढा आणि आधी बाबांची कंबर मोजा. टोकं जुळली नाहीत तर हसू नका. उद्या ते भाजी आणायला निघाले की स्कूटरची किल्ली तेवढी लपवून ठेवा आणि पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर चालत निघा!