जुन्या गाडीचा खोकला

मैत्रिणींनो, पाऊस सरून दसऱ्याची आवराआवर निघाली, की पडवीतली जुनी मोटारसायकल डोळ्यांत खुपू लागते. मामंजींनी हौसेनं घेतलेली, मुलांनी टाकीवर बसून फेऱ्या मारलेली. पण आता किक मारून मारून यजमानांचा पाय दुखतो, गाडी दोनदा खोकते आणि गप्प होते. तेवढ्यात भंगारवाला दारात येतो आणि लोखंडाच्या भावानं किंमत सांगतो. त्याला 'हो' म्हणण्याआधी गाडीचा कार्बोरेटर एकदा उघडून बघा, एवढंच आज सांगायचं आहे.

रोह्याच्या माझ्या वन्संकडे १९९२ सालची यामाहा आरएक्स १०० आहे. त्यांचे यजमान तिच्यावरूनच धाटावला शिफ्टला जातात. मागच्या पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहिली आणि मग चालू होईना. गॅरेजमध्ये सांगितलं, "कार्बोरेटर गेला, नवा टाका." दिवाळीच्या तोंडावर हजारांचा खर्च! शेवटी दोघांनी एका रविवारी अंगणात तो उघडला. वाटीच्या तळाशी चिकट गाळ, एक बुजलेलं जेट आणि कडक झालेलं पॅकिंग, एवढंच निघालं. बाकी सगळं शाबूत होतं. शेकड्यांत मिळणाऱ्या किटवर काम भागलं.

आता हा कार्बोरेटर करतो तरी काय? पेणच्या गणपतीच्या कारखान्यात रंगाची गन पाहिली असेल. वारा जोरात सुटतो आणि वाटीतला रंग आपोआप वर ओढला जाऊन त्याचा फवारा होतो. कार्बोरेटरचं तंत्र तेच. इंजिन हवा ओढतं, ती अरुंद गळ्यातून वेगानं जाते, तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर येऊन हवेत मिसळतं. वजनानं साधारण १५ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल, असं हे प्रमाण. वाटीत पेट्रोल किती घ्यायचं हे ठरवतो फ्लोट, आपल्या गच्चीवरच्या टाकीत बॉल असतो ना, त्याचाच धाकटा भाऊ. ज्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून पेट्रोल वर येतं, ते जेट. एक जेट गाडी जागेवर चालू ठेवायला, दुसरं मोठं, वेगात जाताना लागणारं.

मग बिघडतं कुठे? आपल्या रायगडात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, हवा कायम दमट. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. गाडी उभी राहिली, की वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे गाळ उरतो. जुन्या गाड्यांची रबरं या पेट्रोलसाठी केलेली नव्हती. ती फुगतात नाहीतर चिरतात. चोक ओढल्याशिवाय गाडी तगत नसेल, तर लहान जेट बुजलंय असं समजा. खाली पेट्रोल ठिबकत असेल, तर फ्लोट किंवा त्याची सुई बघायला हवी.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट मात्र मनावर कोरून ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि गॅसच्या शेगडीपर्यंत किंवा देवघरातल्या निरांजनापर्यंत पोचते. म्हणून हे काम स्वयंपाकघरात किंवा बंद खोलीत कधीच नको. उघड्या अंगणात, इंजिन थंड असताना आणि मुलांना लांब ठेवूनच करावं. काढलेलं पेट्रोल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नका. नळी तोंडानं ओढणं तर अजिबात नको!

पेट्रोल कॉक बंद करून वाटी रिकामी करा. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या आणि सुटे भाग स्टीलच्या ताटात काढल्या क्रमानं मांडा. स्क्रूड्रायव्हर नेमक्या मापाचा हवा, नाहीतर स्क्रूचं डोकं झिजतं आणि तो जागचा हलत नाही. बाजूचा एअर स्क्रू काढण्याआधी हलक्या हातानं आत फिरवून टेकवा, किती फेरे झाले ते लिहून ठेवा आणि मगच तो काढा. जोडताना तेवढेच फेरे उलटे द्यायचे.

सफाईसाठी कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मिळतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि रबरी भागांवर मारू नका. नंतर पंक्चरवाल्याकडच्या हवेनं सगळे रस्ते फुंकून घ्या. जेट उजेडाकडे धरून पाहिलं, की भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे.

आपण बायका इथेच चुकण्याचा संभव! स्टोव्हचा बर्नर बुजला की पिन घालायची, ही आपली जुनी सवय. कार्बोरेटरच्या जेटला मात्र पिन, तार, सुई काहीही घालू नका. भोक केसभर जरी मोठं झालं, तरी पेट्रोल जास्त जातं, गाडी काळा धूर ओकते आणि महिन्याचा पेट्रोलचा हिशेब वाढतो. बुजलेलं जेट क्लीनरमध्ये भिजत ठेवा. तरीही सुटलं नाही, तर नवं घ्या.

जोडताना किटमधली नवी पॅकिंग आणि ओ-रिंग घाला. स्लाइडचा तिरपा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला यायला हवा. ती उलटी बसली, तर गाडी चालू होताच सुसाट ओरडेल. म्हणून किक मारण्याआधी ॲक्सिलरेटर पिळून सोडा. तो 'टक्' करून परत आला पाहिजे. मग कॉक उघडून पाच मिनिटं थांबा, कुठे ठिबकत नाही ना ते बघा.

ज्यांच्याकडे १९८३ पासून निघालेली राजदूत ३५० असेल, त्यांचं काम दुप्पट. तिला सिलिंडर दोन आणि कार्बोरेटरही दोन. दोन्हींच्या स्लाइड एकाच क्षणी, सारख्याच उचलल्या गेल्या पाहिजेत. नाहीतर एक सिलिंडर राबतो आणि दुसरा आळशी जावेसारखा नुसता बघत राहतो! ही जुळणी जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी.

असा जाणता माणूस जवळपास असेल, तर त्याला धरून ठेवा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटारसायकलींमध्ये कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन बसलं. नव्या मुलांना जुनं यंत्र उघडायची सवय राहिलेली नाही. म्हणून 'नवा टाका' हे उत्तर वरचेवर ऐकू येतं. पार्ट दाखवा, गाळ दाखवा, नेमकं काय गेलं ते सांगा, असं विचारायला आपण शिकलं पाहिजे. पैसे शेवटी घरखर्चातूनच जातात ना?

शिवाय १५ वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी आपल्या एमएच ०६ च्या गाड्यांना पेणच्याच आरटीओत जावं लागतं. कार्बोरेटर नीट असेल, तर धुराची पीयूसी चाचणीही अडत नाही.

आणि पुढच्या मे महिन्यात लोणची-पापडांच्या यादीत एक ओळ वाढवा. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करायची. पाच मिनिटांचं काम आहे. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालाल, तेव्हा ती दुसऱ्या-तिसऱ्या किकला चालू होईल.