पुढे ट्रॉली, मागे आपण

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे दिवस म्हणजे आपले हळदीकुंकवाचे दिवस. रोज संध्याकाळी कुठे ना कुठे बोलावणे असते. घरचे आवरून, मुलांचे खाणेपिणे उरकून निघायचे म्हटले की निघतानाच सहा वाजतात आणि परतताना अंधार पडलेला असतो. आमच्या सातारा, सांगली, कोल्हापूर भागात नेमका हाच काळ साखर कारखान्यांच्या हंगामाचा ऐन भर. म्हणजे आपण ठेवणीतली साडी नेसून, स्कूटरच्या मागे बसून ज्या रस्त्याने घरी येतो, त्याच रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या ओळीने कारखान्याकडे चाललेल्या असतात.

२०२४ च्या जानेवारीत माझ्या धाकट्या जाऊबाई अशाच परतत होत्या. भाऊजी स्कूटर चालवत होते. विट्याला आत्तेसासूबाईंकडे हळदीकुंकू होते, तिथून दोघे कराडला घरी निघाली होती. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. जाऊबाई एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, एका हातात वाण म्हणून मिळालेली स्टीलची वाटी आणि तिळगुळाची पुडी, दुसरा हात भाऊजींच्या खांद्यावर. रस्त्यात एक खड्डा आला, मागची ट्रॉली गचकली आणि कडेची एक मोळी घसरून खाली आली. भाऊजींना ब्रेक दाबायलाही वेळ मिळाला नाही. स्कूटरचे पुढचे चाक त्या उसावर चढले आणि सरकले. भाऊजींचे गुडघे सोलवटले, त्यावरच भागले. जाऊबाईंचे उजवे मनगट दोन ठिकाणी मोडले आणि गळ्याजवळचे हाडही. मागून कुठली मोठी गाडी येत नव्हती, म्हणून आज हे लिहिते आहे.

ट्रॅक्टरवाला तसाच पुढे निघून गेला. त्याला कळलेही नसणार. ट्रॅक्टरच्या आवाजात, दोन ट्रॉल्यांच्या मागे काय पडले हे पुढच्या माणसाला कसे कळावे?

घरी आल्यावर जो तो म्हणे, "नशीब म्हणायचं, जीव वाचला!" सासूबाईंनी दृष्ट काढली. मी मात्र काही बोलू शकले नाही. कारण माझ्या माहेरीसुद्धा असाच ट्रॅक्टर आहे, अशाच दोन ट्रॉल्या आहेत, आणि माझा थोरला भाऊ हंगामात ऊस वाहतुकीचा करार करतो. ती मोळी माझ्या भावाच्या ट्रॉलीतूनही पडू शकली असती!

महिन्याभराने माहेरी गेले तेव्हा अंगणात उभ्या असलेल्या त्या ट्रॉल्यांकडे मी जन्मात पहिल्यांदा नीट पाहिले. तुमच्यापैकी ज्या शेतकऱ्याच्या लेकी-सुना आहेत त्यांना हे माहीत असेल, पण इतरांसाठी सांगते. ट्रॅक्टरच्या मागे जाड लोखंडी हूक असतो. ट्रॉलीच्या पुढच्या दांडीला कडे असते. ते कडे हुकात बसवायचे आणि वरून हाताच्या अंगठ्यापेक्षा जाड अशी पिन खाली सोडायची. बस्स, एवढ्यावर सगळा भार! दुसरी ट्रॉली पहिलीला अशीच जोडायची. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस सहज असतो. ही पिन गचक्यांनी वर उडू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला एक छोटी क्लिप घालायची असते. आपल्या कुड्यांना फिरकी असते ना, अगदी तशी. फिरकी नसलेली कुडी घालून आपण बाजारात जाऊ का? पण दादाच्या मागच्या ट्रॉलीला ती क्लिप नव्हती. क्लिप कसली, पिनसुद्धा नव्हती! पिनेच्या जागी सळईचा एक तुकडा वाकवून अडकवला होता.

मी विचारले तेव्हा दादा हसला. "अगं, पिन पडली कुठंतरी. हंगामात कोण बाजारात जातंय? एवढी सळई काय तुटत नाही."

"आणि तुटली तर?"

तुटली तर काय होते, ते मग त्यानेच सांगितले. सपाट रस्त्यावर ट्रॉलीची दांडी खाली पडून रस्त्यात रुतते आणि भरलेली ट्रॉली कलंडते. चढावर असेल तर ती उलटी मागे येते. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, त्यांना धरून ठेवतो तो ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरच सुटला म्हटल्यावर धरणार कोण? म्हणूनच पिनेखेरीज दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक जाड साखळी बांधावी, म्हणजे पिन गेलीच तरी ट्रॉली निदान मोकळी सुटत नाही. हे सगळे दादाला ठाऊक होते. साखळीही होती, पण गोठ्यात!

त्याचीही बाजू ऐकून घ्यायला हवी. पैसे टनावर मिळतात. कारखान्यावर नंबर लागायला कधी दिवस, कधी रात्र जाते. फडात तोडणारी टोळी खोळंबून असते. एका खेपेत जितका जास्त ऊस जाईल तितके बरे, म्हणून मोळ्यांवर मोळ्या चढतात, आणि बाजूने लोंबणाऱ्या वाढ्यांखाली मागचे लाल रिफ्लेक्टर झाकून जातात. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला आरटीओची माणसे रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात, पेपरात फोटोही येतात. पण वाढ्यांनी झाकलेला, चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर असून नसून सारखाच. मागच्या ट्रॉलीला दिवा असतो, पण त्याची वायर ट्रॅक्टरला जोडलेलीच नसते. अशी ट्रॉली अंधारात बंद पडून उभी असली की मागून येणाऱ्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. पन्नासच्या वेगाने चाललेली स्कूटर एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. डोळ्यांनी पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एक-दीड सेकंद निघून जातो, आणि नुसत्या खालच्या दिव्यात दिसून दिसणार ते किती?

ऊस गोल असतो, तो चाकाखाली लाटण्यासारखा फिरतो. पाचट आणि वाढे दवाने ओले झाले की शेवाळासारखे निसरडे. अशा जागी ब्रेक करकचून दाबला की चाक अडकून गाडी आडवी होते. हँडल सरळ धरून, वेग आपोआप उतरू देऊन हलकेच पार व्हावे. ट्रॉलीच्या मागे फार जवळ राहू नये. किती जवळ म्हणजे जवळ? पुढची ट्रॉली एखाद्या खांबापाशी आली की सावकाश तीनपर्यंत मोजावे. तीन म्हणायच्या आत आपणही त्या खांबापाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. मागे बसलेल्या बाईला हे मोजायला काही अडचण नसते, आणि "अहो, जरा मागं राहा ना" म्हणायलाही! आमचे हे पहिल्यांदा चिडले. आता स्वतःच मोजतात. चढावर ट्रॉली थांबली असेल तर तिच्या पाठीमागे थांबूच नये.

ट्रॉलीशिवायही रस्त्यात काय काय पडलेले असते! ट्रकचे चाक बदलताना चाकाखाली लावलेले दगड काम झाल्यावर तिथेच सोडून जातात. एक मोठा दगड लाथेने बाजूला सारायला किती वेळ लागतो? पण नाही. डंपरमधून सांडलेली खडी वळणावर पसरलेली असते. ट्रकच्या बाहेर फूट-फूट आलेल्या लोखंडी सळया अंधारात दिसत नाहीत. गाडीच्या बाहेर अशा सळया काढून नेण्याची मुभा केंद्र सरकारने २०१४ साली नियम बदलून रद्द केली, तरी टोकाला लाल फडके बांधून सळया नेणारे टेंपो अजून दिसतात. फडके तरी बांधलेले असते, हे त्यातल्या त्यात.

आणि ते टोचन! बंद पडलेली गाडी दोराने ओढून नेतात त्याला आमच्याकडे टोचन म्हणतात. संध्याकाळच्या वेळी चौकात दोन गाड्यांमध्ये जागा दिसली म्हणून आपण पिशवी सावरत घाईने मधून जातो, आणि मध्ये मातकट रंगाचा दोर ताणलेला असतो. कुणाची गाडी टोचन करायची वेळ आलीच, तर दोराच्या मध्यावर पांढरे किंवा लाल फडके बांधायला घरातले जुने फडके आपणच काढून द्यावे. आणि एका गाडीच्या अगदी मागोमाग दुसरी गाडी हळूहळू चाललेली दिसली की मधून जाऊ नये, मग उशीर झाला तरी चालेल.

हे सगळे दुसऱ्यांचे झाले. आपले काय? घराचे बांधकाम काढले की वाळू आणि खडी रस्त्यातच ओतून घेतो, आणि वास्तुशांतीला पाहुणे त्याच खडीवरून घसरत येतात. घर बदलताना टेंपोवर गाद्या आणि पत्र्याची कपाटे सुतळीने बांधतो. मी स्वतः एकदा रिक्षाच्या टपावर शिडी नेली आहे, एका दोरीवर. आता आठवले की अंगावर काटा येतो.

मुलांबद्दल मात्र जरा कडक बोलते. गावातून ट्रॉली हळू चालली की पोरे मागे धावतात आणि ऊस उपसून काढतात. आपणही लहानपणी हे केले आहे, आणि त्याचे कौतुकही केले आहे. पण लोंबकळणाऱ्या पोराचा हात निसटला तर ते मागच्या ट्रॉलीच्या चाकापुढे पडते, आणि ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही लागत नाही. ऊस हवा असेल तर बाजारातून कांडी आणून द्या, घरी सोलून द्या. शाळा सुटायच्या वेळी ट्रॉल्या जात असतील तर मोठ्या मुलाला चार वेळा बजावा. ऐकत नसेल तर सरळ जाऊन घेऊन या.

आता साडीविषयी. एका बाजूला पाय सोडून बसणे आपल्याला शोभून दिसते असे आपल्याला वाटते, सासूबाईंना तर नक्कीच वाटते. पण स्कूटरला हिसका बसला की तशा बसलेल्या बाईला धरायला काही नसते, ती सरळ रस्त्यावर जाते. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे, प्रवासाला सलवार-कमीज घालावा, आणि साडी नेसायची तर पदर कमरेला खोचून पिन लावावी. मोटारसायकलला मागे धरायची कडी, पाय ठेवायला जागा आणि चाकाचा अर्धा भाग झाकणारी जाळी असलीच पाहिजे, असा १९८९ च्या मोटार वाहन नियमांत स्पष्ट नियम आहे. ती जाळी दिसायला बरी नाही म्हणून काढून टाकणारे तरुण नवरे आहेत! हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे. अंबाडा आड येतो हे खरे, तर त्या दिवशी खाली वेणी घालावी. आणि हातात काही धरून बसू नये. जाऊबाईंच्या हातातली ती वाटी पिशवीत असती, तर दोन्ही हात मोकळे राहिले असते.

अपघात झालाच तर १०८ ला फोन करावा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लाही. पडलेल्याला मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होऊ नये म्हणून २०१९ साली कायद्यातच तरतूद झाली आहे, तेव्हा थांबायला घाबरू नये. ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा नंबर दिसला तर लगेच लिहून घ्यावा. नुकसानभरपाईचा दावा करायला त्याच २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून प्लॅस्टर निघाल्यावर बघू असे म्हणत बसू नये. आमच्याकडे नंबरच नव्हता. दावा कुणावर करणार?

दादाशी त्या दिवशी माझे जरा वाजलेच. मी म्हणाले, "माझ्या जावेचा हात बघून ये, मग सळई तुटत नाही म्हण." तो ताटावरून उठला नाही, पण बोललाही नाही. वहिनी मात्र ऐकत होत्या. चार दिवसांनी त्यांनीच त्याला बाजारात पाठवले, दोन नव्या पिना आणि क्लिपा आणवल्या. जास्तीच्या दोन क्लिपा शिवणाच्या डब्यात ठेवल्या. गोठ्यातली साखळी बाहेर निघाली. ट्रॉली संध्याकाळी निघायची असली की वहिनी विळा घेऊन मागे लोंबणारे वाढे छाटतात, जनावरांना तेवढाच चारा होतो, आणि ओल्या फडक्याने रिफ्लेक्टर पुसतात.

जाऊबाईंना अजून भाकरी थापता येत नाही. पीठ त्या मळतात, थापायला मी जाते. परवा त्या थट्टेने म्हणाल्या, "तुमच्या दादांना विचारा हो, फिरक्या आहेत ना जागेवर?" मी तिथूनच माहेरी फोन लावला. वहिनी म्हणाल्या, "आत्ताच घातल्या बघा दोन्ही. गाडी निघालीय."