हाड कसे जुळते?

मुलांनो, खेळताना पडून एखाद्याचा पाय मोडतो. डॉक्टर प्लॅस्टर घालतात. आपल्याला वाटते, प्लॅस्टरनेच हाड जुळले. खरे तर प्लॅस्टर हाडाला फक्त जागेवर धरून ठेवते. ते जुळवण्याचे काम शरीर स्वतः करते आणि त्यासाठी लागणारे सारे सामान रक्त पुरवते.

हाड मोडले, की तेथे रक्ताची गुठळी होते. काही दिवसांत तिच्या जागी मऊ जोड तयार होतो. मग त्यात कॅल्शियम साठते व तो कठीण होतो. या कामाला भरपूर प्राणवायू लागतो.

आता विडी-सिगारेट ओढणाऱ्याचे पाहा. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. त्यामुळे हाड उशिरा जुळते. ते न जुळण्याचा धोकाही सुमारे दुप्पट होतो.

ई-सिगारेटमध्ये धूर नसतो, म्हणून ती निरुपद्रवी आहे असे समजू नका. तिच्यातही बहुधा निकोटीन असतेच. भारतात २०१९ पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे.

तुमच्या घरी अब्बांचे किंवा चाचांचे हाड मोडले आणि त्यांना विडीची सवय असेल, तर ती डॉक्टरांपासून लपवू नका. प्लॅस्टर डॉक्टर घालतील. विडी मात्र ज्याची त्यानेच सोडायला हवी.