घरच्या घरी सुपरहिरो! कॉस्प्लेचा पोशाख कसा बनतो? जाणून घ्या

कोल्हापूर : मुंबईच्या कॉमिक कॉनला आयर्न मॅन होऊन जायचंय, पण तयार पोशाख परवडत नाही? मग घरीच बनवा. कॉस्प्लेची सुरुवातच घरगुती पोशाखाने झाली.

सुरुवात कुठे झाली?
१९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या विज्ञानकथा संमेलनासाठी मर्टल डग्लस यांनी स्वतःचा आणि फॉरेस्ट अॅकरमन यांचा असे दोन पोशाख तयार केले. ‘कॉस्प्ले’ हा शब्द १९८०च्या दशकात जपानमध्ये रुळला. भारतातलं पहिलं कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत भरलं.

चिलखत कशाचं?
ईव्हीए फोमचं. कोल्हापुरी नव्हे, पण साध्या स्लिपरच्या तळव्यात हाच फोम असतो. कागदी साचा फोमवर उतरवून कापा. हीट गनने गरम करून वाकवा. थंड झाल्यावर आकार टिकतो. रबरी गोंद दोन्ही कडांना लावा, थोडा सुकू द्या, मग चिकटवा. त्याची वाफ डोक्यात जाते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा. फोम रंग शोषतो, त्यामुळे आधी प्रायमर मारा.

घालताना काय सांभाळायचं?
मुखवट्यातून बाजूचं दिसत नाही आणि फोममधून घाम सुकत नाही. गर्दीत चक्कर येऊ शकते. त्यामुळे आधी घरी तासभर घालून बघा: चाला, बसा, जिना चढा, पाणी प्या. जे जमत नाही, तिथे कापा. भाग सुटे ठेवून वेल्क्रोने जोडा. सुपरहिरो उडत जातो. आपल्याला महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या बर्थखाली तो मावायला हवा.