गोठा आणि औषध : सुईच्या आधी थर्मामीटर

गुरुवारी गुरांच्या आठवडी बाजारातून म्हैस घ्यायची, टेम्पोत चढवून भर पावसात गावी न्यायची आणि रात्री दावणीला बांधायची, हे पावसाळ्यात नेहमीचेच. दोन-चार दिवसांत एखादी म्हैस वैरण सोडते, अंग तापते, घसा सुजतो, श्वासाला घरघर लागते. हा घटसर्प. त्याचा जिवाणू, पाश्चुरेला मल्टोसिडा, काही धडधाकट दिसणाऱ्या जनावरांच्या टॉन्सिलमध्ये मुक्काम ठोकून असतो. प्रवासाचा शीण, उपासमार आणि भिजणे यांनी जनावराची ताकद खचली की तो उचल खातो. त्यामुळे विकणाऱ्याने आजारी जनावर गळ्यात मारले, असे दर वेळी नसते.

या रोगात वेळच सगळे ठरवते. ताप चढताच योग्य प्रतिजैविकाचे इंजेक्शन मिळाले, तर जनावर वाचू शकते. घरघर लागल्यावर बहुधा हाती काही उरत नाही. अनेकदा चोवीस तासांत खेळ आटोपतो. म्हणून नवे जनावर निदान दोन-तीन आठवडे वेगळे बांधा आणि सुरुवातीचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात थर्मामीटर धरून ताप मोजा. साधारण 101-102 अंश फॅरनहाइट ठीक. 104 च्या पुढे गेला की थांबू नका, डॉक्टरांना बोलवा.

पण होते काय? दुकानातून 'ऑक्सी'ची, म्हणजे ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची, बाटली येते आणि कुणीतरी अंदाजाने 10 मिली टोचतो. हिशेब करून पाहा. लाँग ॲक्टिंग ऑक्सिटेट्रासायक्लिनची मात्रा वजनाच्या किलोमागे 20 मिलिग्रॅम. म्हैस 400 किलोची, म्हणजे 8000 मिलिग्रॅम. बाटलीत मिलीला 200 मिलिग्रॅम औषध असेल तर लागतात 40 मिली, तेही मानेच्या स्नायूत वेगवेगळ्या चार ठिकाणी, कारण एका जागी 10 मिलीपेक्षा जास्त द्यायचे नसते. अंदाजाने टोचलेले 10 मिली म्हणजे पाव डोस. त्यात कमजोर जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. हा हिशेब समजून घेण्यासाठी दिला आहे. औषध कोणते आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

शिवाय प्रत्येक ताप जिवाणूंचा नसतो. लम्पी हा विषाणूचा आजार. त्यात प्रतिजैविक लागते ते जखमा चिघळल्यावर. गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरियासिसला बुपार्व्हाक्वोन हे निराळेच औषध आहे.

आणि दूध. इंजेक्शननंतर किती दिवस दूध विकायचे नाही, ते बाटलीच्या लेबलवर लिहिलेले असते. ते दूध डेअरीच्या कॅनमध्ये ओतले, तर औषधाचा अंश माणसांच्या पोटात जातो. अशा दुधाला विरजणही नीट लागत नाही. माणसांसाठी शेवटच्या फळीचे औषध असलेल्या कोलिस्टिनचा पशुपालनातील वापर केंद्र सरकारने 2019 मध्ये बंद केला, तो जिवाणू औषधाला दाद देईनासे होतील या काळजीपोटी. तेवढ्या दिवसांच्या दुधाचे पैसे बुडतात, हे खरे आहे आणि छोट्या पशुपालकाला ते जड जाते. तरीही ते दूध विकणे चूकच.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. पुढच्या गुरुवारी बाजाराला निघण्याआधी तो मोबाइलमध्ये घालून ठेवा आणि घटसर्पाची लस टोचली आहे का, हे विकणाऱ्याला विचारल्याशिवाय सौदा पक्का करू नका.