बाळाला जन्मतः दात? दोष शोधू नका, जीभ तपासा

बाळाचा पहिला दात साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो. पण एखादे बाळ दात घेऊनच जन्मते किंवा पहिल्या 30 दिवसांत त्याला दात येतो. अंदाजे दोन-तीन हजार जन्मांमागे एका बाळात असे घडते. यवतमाळ जिल्ह्यातील वस्त्यांमध्ये काम करताना अशा दाताबद्दल आम्ही ऐकतो ते हेच : "मामाला जड आहे", "घराला वाईट आहे". आणि बोल लागतो बाळंतिणीला.

यात अपशकुन काहीच नाही. दाताचा अंकुर हिरडीत वरच्या बाजूला राहिला की तो लवकर बाहेर येतो. काही कुटुंबांत हे पिढ्यान्‌पिढ्या दिसते. बहुतेक वेळा तो खालचा, पुढचा दुधाचाच दात असतो. तो काढला तर त्या जागी पुन्हा दुधाचा दात येत नाही. थेट कायमचा दात येतो, तोही सहा-सात वर्षांनी.

खरा धोका वेगळा आहे. दूध ओढताना जिभेची खालची बाजू दातावर घासते आणि जखम होते. रिगा आणि फेडे या इटालियन डॉक्टरांच्या नावाने हा आजार ओळखला जातो. दुखते म्हणून बाळ पीत नाही, वजन वाढत नाही. आईच्या स्तनाग्राला चिरा पडतात आणि अंगावर पाजणे बंद पडू शकते. फार सैल दात निखळून श्वासनलिकेत जाण्याचीही भीती असते.

दात घट्ट असेल आणि त्रास नसेल तर तो ठेवतात. धार लागत असेल तर डॉक्टर ती घासून गुळगुळीत करतात. फार हलत असेल किंवा जखम भरतच नसेल तर काढतात. त्याआधी बाळाला व्हिटॅमिन 'के'चे इंजेक्शन मिळाले आहे का, हे पाहतात. ते मिळाले नसेल तर नवजात बाळाचा रक्तस्राव थांबायला अडचण येऊ शकते. म्हणूनच दोऱ्याने किंवा नखाने घरी दात उपटणे जिवावर बेतू शकते.

आशाताई जन्मानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. तेव्हा बाळाचे तोंड आणि जिभेखालची बाजू त्यांना दाखवा. दात दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे सरकारी रुग्णालयातील उपचार आणि ने-आण मोफत आहे.

बाळंतिणीला टोमणे मारून बाळाचे पोट भरत नाही. तिला धीर द्या आणि बाळाला दवाखान्यात न्या.